स्वर्गीय लिपी : अग्रिप्पाच्या एका प्रकरणाची चिकित्सा

हाइनरिख कॉर्नेलिअस अग्रिप्पा (१४८६–१५३५) याचा गूढ तत्त्वज्ञानावरील त्रिभागात्मक लॅटिन ग्रंथ १५३३ मध्ये कोलोन येथे संपूर्ण छापला गेला. त्याच्या तिसऱ्या भागातील तिसावे प्रकरण अगदी लहान आहे. त्यात हिब्रू वर्णमालेवरून सिद्ध केलेल्या तीन लिपींचे तक्ते दिलेले आहेत. पहिली ‘स्वर्गीय’ लिपी, दुसरी ‘मालाखीम’ म्हणजे देवदूतांची लिपी आणि तिसरी ‘नदी ओलांडण्याची’ लिपी. पुढील चारशे वर्षांत युरोपात मंत्रतंत्रविषयक जेवढे संग्रह निघाले, त्यांपैकी फारच थोडे या तक्त्यांवाचून राहिले असतील. असे असूनही लिपिशास्त्राच्या प्रमाणभूत ग्रंथांत त्यांना स्थान नाही. गेल्ब याने १९५२ मध्ये लेखनाची जी व्याख्या केली तिच्यात दृश्य आणि संकेतसिद्ध खुणांनी होणारा मानवी व्यवहार हा गाभा आहे. ज्या खुणांनी कोणताच व्यवहार झाला नाही त्या या व्याख्येबाहेर पडतात. येथेच विषय संपला असे बहुतेक अभ्यासक मानतात. गूढवाद्यांना या लिपी दिव्य वाटतात आणि भाषाशास्त्रज्ञांना त्या पोरखेळ वाटतात. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही पक्ष तक्त्याकडे पाहतात, परंतु प्रकरण वाचत नाहीत.

प्रकरण वाचू लागले म्हणजे प्रथम लक्षात येते ते असे की, अग्रिप्पाचा आरंभ देवदूतांपासून होतच नाही. तो एका ऐतिहासिक विधानापासून होतो. हिब्रू लोकांत अक्षरांचे अनेक प्रकार आढळतात, त्यांतील एक अतिप्राचीन असून मोझेस व संदेष्टे तोच वापरीत. त्याचे स्वरूप कोणासही सहजासहजी दाखवू नये. आज जी अक्षरे ते लोक वापरतात ती एझ्राने प्रवर्तित केली, असे तो म्हणतो. यानंतर तो स्वर्गीय लिपीकडे वळतो आणि ती ताऱ्यांमध्ये रेखलेली आहे असे सांगतो. ज्योतिषी ताऱ्यांच्या रेषांवरून राशींच्या आकृती काढतात तसाच हा प्रकार, असे त्याचे स्पष्टीकरण. उरलेल्या दोन लिपींची तो जवळजवळ नावेच सांगतो. म्हणजे या प्रकरणाची रचना अशी आहे की, आरंभी एका हरवलेल्या लिपीचा उल्लेख, तिचे रूप दाखविण्यास नकार, आणि लगेच तिच्या जागी दुसऱ्या तीन लिपी. हा क्रम योगायोगाचा नव्हे. मात्र त्याचे मर्म कळण्यासाठी आधी या लिपींची घडण पाहिली पाहिजे.

घडणीच्या दृष्टीने त्यांत नवीन असे काहीच नाही. अक्षरे बावीस, आलेफपासून तावपर्यंत. नावे हिब्रूचीच, क्रम हिब्रूचाच, मांडणी उजवीकडून डावीकडे. स्वरांसाठी स्वतंत्र चिन्ह नाही. चिन्ह बदलले, पण चिन्हांमधील परस्परसंबंध एकाही ठिकाणी बदलला नाही. ज्याला सोस्यूरच्या पद्धतीने विचार करण्याची सवय आहे, त्याच्या दृष्टीने ही नवी लिपी नसून जुन्या लिपीचा नवा पोशाख आहे. काही अक्षरांत तर अंगाखालची हाडेही दिसतात. स्वर्गीय लिपीतील शिन पाहताच हिब्रू शिनची त्रिशूलासारखी ठेवण ओळखू येते. वर्गात हा तक्ता फळ्यावर काढला की विद्यार्थी त्या लिपीत आपले नाव लिहू लागतात आणि राम, रमा व रमी या तिघांनाही रेश आणि मेम ही दोनच अक्षरे पुरतात असे पाहून थबकतात. हिब्रूत योद, वाव इत्यादी अक्षरांकडून स्वरांचे काम काही अंशी करून घेता येते हे खरे; परंतु ती युक्तीसुद्धा हिब्रूचीच. देवदूतांनी तीत कसलीही भर घातलेली नाही.

त्याच ग्रंथात आदल्याच प्रकरणात ‘थीबी’ नावाची लिपी आहे. ती त्याआधी १५१८ मध्ये ट्रिथेमिउसच्या गुप्तलेखनविषयक ग्रंथात छापली गेली होती. तिची अक्षरे चोवीस आहेत आणि ती लॅटिन वर्णमालेच्या क्रमाने जातात. थीब्झच्या होनोरिउसचे नाव तिला जोडले आहे, पण मोजणी करताच ती लॅटिनची सावली असल्याचे उघड होते. कल्पित लिपी आपल्या कर्त्याची पाटी लपवू शकत नाही. आकृती हवी तेवढी विलक्षण असो, अक्षरांची संख्या व क्रम पाहिला म्हणजे कर्ता कोणती मूळाक्षरे गिरवून मोठा झाला, निदान कोणती समोर ठेवून बसला होता, हे कळते.

या कसोटीचा आणखी एक बारकावा अग्रिप्पाच्या प्रकरणातच सापडतो. हिब्रूत काफ, मेम, नून, पे आणि त्सादे या पाच अक्षरांना शब्दाच्या अंती आल्यास निराळे रूप असते. हिब्रू मजकूर लिहिणाऱ्याला त्यांच्यावाचून एक ओळही पुरी करता येत नाही. स्वर्गीय लिपीच्या तक्त्यात ही पाच अंत्यरूपे नाहीत. परंतु त्याच प्रकरणाच्या पुढल्या भागात अग्रिप्पा काबालावाद्यांची एक निराळी पद्धत सांगतो. तीत दोन उभ्या व दोन आडव्या रेषांनी नऊ कोठड्या पाडून प्रत्येकीत तीन तीन अक्षरे बसविली आहेत, आणि तेथे मात्र तो अक्षरे सत्तावीस धरतो. सत्तावीस म्हणजे बावीस अधिक पाच अंत्यरूपे. कारण या कोठड्या अंकमूल्यांवर उभ्या आहेत. एक, दहा आणि शंभर ही मूल्ये असलेली आलेफ, योद व कोफ ही अक्षरे एका कोठडीत, दोन, वीस व दोनशे यांची दुसरीत; याप्रमाणे नऊशेपर्यंत जायचे तर पाचशेपासूनची मूल्ये अंत्यरूपांना द्यावीच लागतात. कोठडीची आकृती आणि तिच्यात एक, दोन किंवा तीन बिंदू, एवढ्यावर कोणतेही अक्षर लिहिता येते. ही पद्धत पुढे फ्रीमेसन मंडळींच्या संकेतलिपीत उतरली आणि शाळकरी मुलांच्या खेळातही गेली. ती चालते, कारण ती चालविण्यासाठी केलेली आहे. स्वर्गीय लिपीचा तक्ता हा मात्र नुसत्या मूळाक्षरांच्या यादीचा तक्ता आहे. त्याचा कर्ता त्या लिपीत काही लिहावयास बसला होता असे दाखविणारी एकही खूण त्यात नाही.

नऊ कोठड्यांविषयी अग्रिप्पाने जाता जाता एक वाक्य लिहिले आहे. माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली तेथे आहे. ही पद्धत पूर्वी फार आदराची होती, परंतु आता ती इतकी सर्वसामान्य झाली आहे की तिची गणना जवळजवळ अपवित्र गोष्टींत होते, असा त्याचा आशय आहे. म्हणजे जे चारचौघांना वाचता येऊ लागले ते पवित्र राहिले नाही. लिपीची दिव्यता तिच्या उगमावर नव्हे, तर तिच्या अवाच्यतेवर अवलंबून असल्याची ही कबुली होय. लेखनाचे कार्य वाचले जाणे हे आहे, हे गृहीत धरून आपण या लिपींना निरुपयोगी ठरवितो. त्यांचे कार्य वाचले न जाणे हे होते.

मात्र एवढ्यावर थांबलो तर कोणत्याही वेड्यावाकड्या रेषा चालल्या असत्या. नेमकी हिब्रू अक्षरेच का हवी होती आणि त्यांचेच हे रूपांतर का झाले, याचे उत्तर अग्रिप्पाच्या पहिल्या विधानात, म्हणजे हरवलेल्या लिपीत आहे.

हिब्रू लिपी एकदा बदललेली आहे. आज जिला आपण हिब्रूची चौकोनी लिपी म्हणतो ती अरामी लिपीपासून निघाली. तिच्या आधीची प्राचीन हिब्रू लिपी फिनिशियन कुळातील होती. ज्यू परंपरेने ही घटना विस्मृतीत जाऊ दिली नाही. बाबिलोनी तालमुदाच्या सान्हेद्रिन प्रकरणात यावर वाद आहे. एका मतानुसार तोरा प्रथम हिब्रू लिपीत दिली गेली आणि एझ्राच्या काळी असीरियन म्हणजे चौकोनी लिपी स्वीकारली गेली. दुसऱ्या मतानुसार तोरा चौकोनी लिपीतच होती, लोकांच्या पापामुळे ती लिपी गेली आणि नंतर परत मिळाली. तिसरे मत असे की लिपी कधी बदललीच नाही. यांतील पहिले मत आधुनिक लिपिशास्त्राला सर्वांत जवळचे आहे. त्या वादातच असेही म्हटले आहे की, टाकून दिलेली जुनी लिपी शोमरोनी लोकांकडे राहिली. आणि ते खरेच आहे.

यरुशलेमी तालमुदाच्या मेगिल्ला प्रकरणातील एक टिपण तर लिपीच्या इतिहासकाराने जपून ठेवावे असे आहे. धर्माज्ञांच्या दगडी पाट्यांवरील अक्षरे आरपार कोरलेली होती अशी समजूत होती. तेव्हा ज्या अक्षराची रेषा पूर्ण मिटते त्याच्या आतला दगड निखळून पडायला हवा होता. तो अधांतरी राहिला हा चमत्कार. रब्बी लेवी म्हणतो की, तोरा जुन्या लिपीत दिली गेली असे मानणाऱ्यांच्या मते चमत्कार अयिनचा होता, आणि ती चौकोनी लिपीत दिली गेली असे मानणाऱ्यांच्या मते तो सामेखचा होता. चौकोनी लिपीत सामेख मिटलेले असते हे कोणीही पाहू शकतो. परंतु जुन्या लिपीत अयिन हे वर्तुळ होते हे ज्याला ठाऊक आहे तोच हे वाक्य बोलू शकतो. शिलालेख व नाणी पाहून आज आपण तेच सांगतो. चमत्काराच्या कथेत एक अचूक लिपिशास्त्रीय निरीक्षण असे सुरक्षित राहिले आहे.

पुढे हे ज्ञान पश्चिमेकडील ज्यूंपासून दुरावले. अकराव्या शतकात त्र्वा येथे राहणारा राशी हा थोर भाष्यकार सान्हेद्रिनमधील जुन्या लिपीच्या नावावर टीप लिहितो तेव्हा, ताइतांवर लिहितात तशी मोठी अक्षरे, असा अर्थ देतो. या टीपेचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही असे मला वाटते. ज्याने प्राचीन लिपी पाहिलेली नाही असा विद्वान तिची कल्पना करू पाहतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे ताइतावरची अक्षरे उभी राहतात. हरवलेल्या लिपीची जागा रिकामी होती. ती ताइताने भरली. अग्रिप्पाच्या प्रकरणातील क्रम यानंतर जवळून दीडएक मैलाच्या दगडासारखा स्पष्ट दिसतो. मोझेसची लिपी दाखवू नये असे म्हणून तो जे दाखवितो ते त्याच रिकाम्या जागेत बसणारे आहे. त्याने राशी वाचला होता असे म्हणण्याची गरज नाही. रिकामी जागा दोघांनाही एकाच परंपरेने दिली होती.

ताइतावरची अक्षरे म्हणजे कोणती? टोकांना बारीक बारीक वळी असलेल्या रेषाकृती प्राचीन उत्तरकाळच्या ग्रीक-इजिप्ती मंत्रांच्या पपायरसांवर विपुल आढळतात. जर्मन अभ्यासकांनी त्यांना ‘चष्म्याची अक्षरे’ असे मार्मिक नाव दिले. तेथून त्या ज्यू व अरबी ताइतांत गेल्या, आणि १७०१ मध्ये आम्स्टरडॅमला छापलेल्या ‘सेफेर राझिएल’ या हिब्रू ग्रंथातही त्या जागोजाग दिसतात. मुळात या आकृतींना कोणतेही उच्चारमूल्य नव्हते. मध्ययुगीन ज्यू मांत्रिकांनी त्यांना आलेफ, बेत अशी मूल्ये लावून देवदूतांच्या वर्णमाला तयार केल्या; म्हणजे निरक्षर खुणेला अक्षर केले. स्वर्गीय लिपी याच घराण्यातली आहे. तेव्हा रेषांच्या टोकांवरील वळी म्हणजे तारे, हे अग्रिप्पाने दिलेले कारण मागाहून सुचलेले ठरते. वळी ताऱ्यांहून जुनी आहेत. एकदा तो अर्थ लागल्यावर मात्र तो घट्ट चिकटला. जाक गाफारेल याने १६२९ मध्ये आकाशाचे नकाशेच छापून त्यांत ताऱ्यांची हिब्रू अक्षरे दाखविली. आकृती आधी आणि तिचे शास्त्र नंतर, हा प्रकार आपल्या व्युत्पत्तीच्या क्षेत्रातही अपरिचित नाही.

मालाखीम लिपीच्या बाबतीत अग्रिप्पाची अडचण आणखी बोलकी आहे. तो तिला मालाखीम किंवा मेलाखीम, म्हणजे देवदूतांची किंवा राजांची, असे म्हणून मोकळा होतो. हिब्रूत या दोन शब्दांत फरक आहे तो एका आलेफचा. मेम, लामेद, आलेफ, काफ, योद, मेम म्हणजे देवदूत. आलेफ काढले की राजे. अक्षराच्या एका रेषेत विश्व सामावले आहे असे प्रतिपादन करणाऱ्या ग्रंथात एक संपूर्ण अक्षर आहे की नाही याचा निर्णय लागत नाही, याला काय म्हणावे? यावरून त्याला हिब्रू येत नव्हते असे म्हणण्याइतका मी उतावीळ नाही. परंतु ही लिपी त्याच्यापर्यंत हिब्रूत लिहिलेल्या नावासह न येता लॅटिन लेखनात, कदाचित केवळ कानावरून, आली असावी असा माझा तर्क आहे. लॅटिन लिपीत आलेफला जागा नसते. तिसऱ्या लिपीच्या नावातही हिब्रूचाच प्रतिध्वनी आहे. ‘इव्री’ म्हणजे हिब्रू हा शब्द ‘एवेर’, पलीकडचा तीर, याच्याशी जोडण्याची पद्धत जुनी आहे; अब्राहाम नदीपलीकडून आला म्हणून तो इव्री. तेव्हा नदी ओलांडण्याची लिपी म्हणजे ‘हिब्रू लिपी’ या नावाचेच भाषांतर असणे शक्य आहे. हाही तर्कच, पण तो बरोबर असेल तर येथेही हरवलेल्या लिपीचीच आठवण आहे.

अग्रिप्पावर खरा आक्षेप घ्यावयाचा तर तो कल्पनेचा घेऊ नये, निष्काळजीपणाचा घ्यावा. हरवलेली लिपी खरोखर हरवलेली नव्हती. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने राजांच्या पुस्तकांना लिहिलेल्या प्रस्तावनेत, एझ्राने नवी अक्षरे काढली आणि तोपर्यंत शोमरोनी व हिब्रू अक्षरे एकच होती, असे स्वच्छ सांगितले आहे. ही प्रस्तावना लॅटिन बायबलच्या प्रतींबरोबर सर्वत्र फिरत होती. त्या विधानाचा एझ्राविषयीचा अर्धा भाग अग्रिप्पाच्या प्रकरणात आहे आणि शोमरोन्यांविषयीचा अर्धा नाही. १२६७ मध्ये अक्को येथे पोचलेल्या नाहमानिदेसला एक प्राचीन चांदीचे नाणे मिळाले. त्यावरची अक्षरे त्याने शोमरोनी लोकांना दाखविली. त्यांनी ती तत्काळ वाचली, आणि त्याने आपल्या तोराभाष्याच्या शेवटी ती हकीकत नोंदवून तालमुदातील मत पडताळून पाहिले. अग्रिप्पाच्या ग्रंथानंतर पाचच वर्षांनी, १५३८ मध्ये, पोस्तेलने पॅरिस येथे बारा भाषांच्या वर्णमाला छापल्या तेव्हा तीत शोमरोनी अक्षरेही दिली. म्हणजे मोझेसच्या लिपीच्या रिकाम्या जागेसाठी त्या दशकात दोन उमेदवार होते. एकाला वाचणारी माणसे नाब्लुसमध्ये जिवंत होती. दुसऱ्याला वाचणारा कोणीच नव्हता. युरोपच्या गूढवाद्यांनी दुसरा निवडला, आणि तो नेमका त्याच कारणासाठी.

या निवडीला त्या काळाची एक काळी बाजू आहे. १५०९ मध्ये सम्राट माक्सिमिलियनच्या आज्ञेने, धर्मांतरित फेफरकोर्नच्या खटपटीमुळे, फ्रांकफुर्ट येथे ज्यूंचे ग्रंथ जप्त होऊ लागले. १५१० मध्ये रॉयखलिनने त्याविरुद्ध आपला अभिप्राय दिला आणि तो वर्षानुवर्षे छळला गेला. त्याच १५०९ साली तरुण अग्रिप्पा दोल येथे रॉयखलिनच्या ग्रंथावर व्याख्याने देत होता, आणि त्याबद्दल त्याच्यावर ज्यूपंथी पाखंडी असल्याचा जाहीर आरोप झाला. दुसरीकडे हिब्रू अक्षरे झपाट्याने सुलभ होत होती. रॉयखलिनचे व्याकरण १५०६ चे. व्हेनिसला बोम्बेर्गच्या छापखान्यातून १५१७ मध्ये भाष्यांसह बायबल आणि १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण तालमुद बाहेर पडला. जे अक्षर कोणताही ज्यू मुलगा सकाळी गिरवितो आणि आता कोणताही ख्रिस्ती विद्यार्थी शिकू शकतो, ते गूढ कसे राहणार? हिब्रूहून अधिक हिब्रू, पण ज्यूंच्या हाती नसलेले, असे काही तरी हवे होते. स्वर्गीय लिपीने ते दिले. ज्या अक्षरांना मालक नाही ती आपली म्हणता येतात. अग्रिप्पाचा स्वतःचा हेतू असा होता असे मी म्हणत नाही. रॉयखलिनची बाजू घेणाऱ्या माणसावर तो आरोप शोभणार नाही. परंतु त्याच्या तक्त्यांचे जे झाले ते हेच. १५५३ मध्ये रोमच्या चौकात तालमुदाच्या प्रती जाळण्यात आल्या. या तक्त्यांच्या नकला मात्र पुढेही होत राहिल्या.

येथे मराठीच्या अभ्यासकाला महानुभावांच्या सांकेतिक लिपी आठवणे स्वाभाविक आहे. सकळ, सुंदरी इत्यादी लिपीही नागरीच्या पोशाखबदलाच्याच आहेत, आणि तरी तुलना केली की भेदच अधिक जाणवतो. महानुभावांनी त्या लिपींत ग्रंथच्या ग्रंथ उतरून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळीचा उलगडा केला तेव्हा त्यातून एक संपूर्ण वाङ्मय बाहेर आले. तेथे मजकूर मौल्यवान होता आणि लिपी ही पेटी होती. पंथीयांना किल्ली ठाऊक होती, बाहेरच्यांना नव्हती. अग्रिप्पाकडे किल्ली पहिल्याच पानावर छापली आहे आणि पेटी रिकामी आहे. ज्या लिपीची किल्ली ग्रंथविक्रेत्याकडे मिळते तिला गुप्तलिपी म्हणणे कठीण. म्हणून तिला संकेतलिपीत जमा करणारे वर्गीकरणही मला मान्य नाही.

भारतीय परंपरेत दिव्य लिपींची कल्पना नव्हती असेही नाही. ‘ललितविस्तरा’त बालसिद्धार्थ आपल्या गुरूला चौसष्ट लिपींची नावे सांगून यांपैकी कोणती शिकविणार असे विचारतो, त्यांत देवलिपी आहे, नागलिपी आहे, यक्ष, गंधर्व आणि असुर यांच्याही लिपी आहेत. पण तेथे नावे आहेत, आकृती नाहीत, आणि त्या कोणी काढून दाखविल्या नाहीत म्हणून कोणाचे अडलेही नाही. आपल्याकडे मातृकेचे सामर्थ्य नादात मानले गेले. तोच मंत्र शारदेत लिहा, ग्रंथलिपीत लिहा, नागरीत लिहा, तो उच्चारात शुद्ध असला म्हणजे झाले. ज्यू परंपरेत उच्चाराइतकीच आकृती पवित्र आहे. तोराची पोथी लिहिताना एक अक्षर दुसऱ्यास चिकटले तर पोथी बाद ठरते. ठराविक सात अक्षरांच्या माथ्यावर तीन तीन बारीक मुकुट काढावे लागतात, आणि तालमुदात मोझेस वर जातो तेव्हा ईश्वर स्वतः अक्षरांना मुकुट बांधीत बसलेला त्याला दिसतो. सोस्यूरने चिन्हाला यादृच्छिक म्हटले. हे त्याच्या विश्लेषणापुरते बरोबर असले तरी पोथी लिहिणाऱ्या सोफेरच्या हाताला ते लागू पडत नाही. त्याच्यासाठी आकृती हा नियम आहे.

म्हणूनच अग्रिप्पाच्या तक्त्यांत काय हरवले ते पाहावे लागते. मुकुट नाहीत, अक्षराभोवतीच्या कोऱ्या जागेचा नियम नाही, चूक झाली तर काय करावे याची तरतूद नाही. चुकीची शक्यताच नाही, कारण बरोबर कशाला म्हणावे हे सांगणारा लेखनिकांचा समाज नाही. एका आवृत्तीत वळे इकडे आले, दुसऱ्यात तिकडे गेले, तरी कोणी हरकत घेतली नाही. आकृतीला सर्वस्व मानणाऱ्या परंपरेतून घेतलेल्या या लिपींत आकृती हीच सर्वांत बेफिकीर गोष्ट झाली आहे. माझा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि तो या लिपी खोट्या आहेत या नेहमीच्या आक्षेपाहून वेगळा आहे. ज्यू ताइतावरचे वळ्यांचे अक्षर खोटे नाही. ते कोणाच्या तरी आजारी मुलाच्या गळ्यात बांधलेले असते, त्याच्या शेजारी वाचता येण्याजोगी प्रार्थना असते, आणि दोन्ही मिळून एक विधी होतो.

हिब्रूच्या या छायेतून बाहेर पडण्याचा एकच गंभीर प्रयत्न झाला. इंग्लंडात जॉन डी व एडवर्ड केली यांना १५८३ मध्ये देवदूतांकडून मिळालेली म्हणविली जाणारी वर्णमाला उजवीकडून डावीकडे जाते, पण तिची अक्षरे एकवीस आहेत, नावे पा, वेह, गेद अशी स्वतंत्र आहेत, आणि मुख्य म्हणजे तिच्यात मजकूर आहे. पापुआच्या भाषांचा अभ्यासक डॉनल्ड लेकॉक याने १९७८ मध्ये तिचा कोश प्रसिद्ध करून दाखविले की, या देवभाषेचे उच्चार व वाक्यरचना इंग्रजीच्या वळणाच्या आहेत. थीबी लिपीबाबत वर जी कसोटी सांगितली तीच येथे भाषेला लागू पडते. तरीही मजकूर होता म्हणूनच ही परीक्षा शक्य झाली, हे डीच्या बाजूने म्हटले पाहिजे. स्वर्गीय लिपी अशा परीक्षेस कधी बसलीच नाही.

१७९९ मध्ये लंडनच्या एडमंड फ्राय या टंककाराने जगातील सर्व ज्ञात वर्णमालांचा संग्रह ‘पँटोग्राफिया’ या नावाने छापला. खाल्डियन अक्षरांच्या नोंदीत त्याने आंब्रोजिओच्या १५३९ च्या ग्रंथाची साक्ष काढून, ही अक्षरे राफाएल देवदूताने स्वर्गातून आणून आदामास दिली, असे निर्विकारपणे नमूद केले आहे. त्याच ग्रंथात शोमरोनी अक्षरेही आहेत. वर्णानुक्रमाने लावलेल्या त्या पुस्तकात दोहोंना सारखाच मान मिळालेला आहे.